विषय : क्लच घसरणे

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी बारा.

आजपासून रोजनिशी. उद्देश, कामाची नोंद राहावी. सत्तावीस वर्षं रेकॉर्ड सेक्शन सांभाळतो आहे. ज्याची नोंद नाही ते काम झालंच नाही, हे हाताखालच्या अकरा जणांना सांगून सांगून घसा बसला. तेव्हा स्वतःपासून सुरुवात.

पार्श्वभूमी. बाबांची मोटारसायकल. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबा पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. एकतीस वर्षं याच गाडीवरून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर ड्यूटीला गेले. आता बाबा चौऱ्याऐंशीचे आणि गाडी आठ वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत. गेल्या रविवारी पेपरात आलं की टाकी धोकादायक झाली आहे, तीन मार्चला पाडणार. बाबांनी तो पेपर घडी घालून उशाखाली ठेवला. जेवताना म्हणाले, एकदा जाऊन यायला हवं होतं. ही म्हणाली, वरच्या शेजाऱ्यांची कार मागू या की. बाबांनी नाक मुरडलं. टाकीवर कधी कारने गेलो नाही म्हणाले.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, दोन मार्चला मोटारसायकलवरून नेतो. तुम्ही मागे बसा.

बाबा म्हणाले, बघ, जमलं तर.

हे 'जमलं तर' मला लागलं. लहानपणापासून या गाडीला हात लावला की बाबा पान्हा काढून घ्यायचे. दे इकडे, तुला नाही जमायचं. मी चोपन्न वर्षांचा आहे. माझ्या सहीशिवाय आमच्या ऑफिसातून कागद हलत नाही.

असो. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने येऊन कार्बोरेटर साफ केला, बॅटरी बदलली, गाडी चालू करून दिली. चढावर एक फेरीही मारून आला. म्हणाला, मशीन एक नंबर आहे, काही करू नका. काल मी गाडी पुसली. पुसता पुसता क्लचची लिव्हरही टाइट करून टाकली. हातात धरली की आधी दोन-तीन मिलिमीटर नुसतीच हलायची. ढिलाई मला खपत नाही.

आज टेकडीच्या चढावर ट्रायल. पहिल्याच वळणावर इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी मात्र जागची हलेना. यालाच क्लच घसरणे म्हणतात. इंजिन राबतं, पण चाकापर्यंत काही पोचत नाही. आमच्या ऑफिससारखंच.

मेकॅनिकने एक नंबर म्हटलेलं मशीन दोन दिवसांत बिघडलं. या लोकांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय त्याने दुरुस्त केली तर बाबा म्हणणार, मेकॅनिकने केली. म्हणून निर्णय : क्लच मी स्वतः दुरुस्त करणार. एकट्याने. टार्गेट नऊ फेब्रुवारी. तीन आठवडे हातात राहतात. आरामात.

३ फेब्रुवारी, सोमवार.

ऑफिसात नवी फाइल उघडली. क्लच/१. आत अजून काही नाही, पण फाइल उघडली की अर्धं काम होतं. संध्याकाळी तीन व्हिडिओ बघितले. एका माणसाने चौदा मिनिटांत क्लच खोलून परत बसवला. मी स्वतःला दोन तास देतो आहे. घाई नको.

५ फेब्रुवारी, बुधवार.

हिने विचारलं, बाबांना विचारलंत का, काय झालं असेल ते. मी म्हणालो, गरज नाही. बाबा सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरतात. हिचं म्हणणं, गाडीचं नाही विसरत. मी विषय वाढवला नाही. गेली चार वर्षं बाबांचं पथ्यपाणी, गोळ्या, डॉक्टर सगळं तीच बघते. त्यामुळे तिला वाटतं, बाबांबद्दल सगळं तिलाच कळतं.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.

क्लचचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत ऑइल असतं. हे व्हिडिओत सांगितलं होतं, पण अशा ठिकाणी की लक्ष जाणार नाही. दीड मिनिटात जिन्याखाली तळं. वरचे शेजारी भाजी घेऊन येत होते, ते पाय सरकून थेट पत्रपेट्यांपर्यंत गेले. लागलं काही नाही. भाजी गोळा करून दिली. ते म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता. टोमणाच होता, पण मी सौजन्य म्हणून घेतला.

दोन तास फरशी पुसण्यात गेले. क्लचला आज हात लागला नाही. पाठ धरली आहे.

९ फेब्रुवारी, रविवार.

आजचं टार्गेट थोडं पुढे ढकलतो आहे. ऑइलसाठी वेळ धरला नव्हता.

क्लचच्या आत चकत्या असतात, एकावर एक, त्यांना प्लेटा म्हणतात. त्यांना दाबून धरणाऱ्या चार स्प्रिंगा. त्या दाबून सोडवायच्या असतात. तीन सोडवल्या. चौथी स्वतःहून सुटली आणि कुठे गेली ते कोणी बघितलं नाही. पाऊण तास पोटावर झोपून जिन्याखाली शोधली. शेवटी हिला सापडली, तिच्या चपलेत.

प्लेटा कुठल्या क्रमाने होत्या त्याचा फोटो काढून ठेवला होता. फोटोत माझा अंगठा आला आहे.

सगळं वर आणून डायनिंग टेबलावर मांडलं. खाली पेपर घातला होता. तरी हिने कपाळावर हात मारला.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

नव्या प्लेटा मागवल्या आहेत. जुन्या दिसायला ठीक होत्या, पण काढल्याच आहेत तर बदलाव्यात. पार्टवाला फोनवर म्हणाला, या मॉडेलच्या प्लेटा शोधाव्या लागतील. शोधा म्हणालो.

जेवण सध्या हॉलमध्ये, मांडीवर ताट घेऊन. बाबांना खाली वाकवत नाही म्हणून त्यांच्यासाठी डायनिंग टेबलाचा एक कोपरा मोकळा केला. बाबांनी जेवता जेवता एक प्लेट उचलली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला. म्हणाले, ही चांगली आहे की रे. लिव्हर कशी लागते आहे? मी सांगितलं, एकदम टाइट. ते म्हणाले, टाइट म्हणजे, अरे लिव्हरला जरा... मी म्हणालो, बाबा, काम चालू आहे, मध्ये बोलू नका, मला लिंक लागत नाही. त्यांनी प्लेट जागेवर ठेवून दिली.

थोडं जास्तच तोडून बोललो. पण काम करणाऱ्याला डिस्टर्ब करू नये, हे त्यांनीच मला शिकवलं आहे. पान्हा काढून घेऊन.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

प्लेटा आल्या. बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवायच्या असतात. हिच्या मोठ्या पातेल्यात भिजवल्या. हे पातेलं आता स्वयंपाकाला चालणार नाही असं कळलं. आधी सांगायला हवं होतं.

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये जाड कागदाची एक कड बसवावी लागते, गॅस्केट, म्हणजे ऑइल गळत नाही. जुनी फाटली. बाजारात या मॉडेलची मिळत नाही. इथे अनुभव कामी आला. ऑफिसच्या फाइलचं कव्हर, जाड, तेलकट, वर्षानुवर्षं न फाटणारं. एक कोरं कव्हर आणलं आणि तासभर बसून कात्रीने गॅस्केट कापली. सुबक झाली. बाबांना दाखवायचा मोह झाला, पण आवरला. गाडी चालू झाल्यावर एकदमच दाखवू.

संध्याकाळी सात. सगळं बसवलं, ऑइल भरलं. ऑइल एका बारीक धारेने बाहेर येतं आहे. बघितलं तर गॅस्केटला कव्हराचं पंचिंगचं भोक राहून गेलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार.

दुसरं कव्हर, बिनभोकाचं. गळती बंद. ट्रायलला निघालो तेव्हा बाबा खिडकीत होते. मी हात केला.

पहिलं वळण. इंजिन बोंबललं. गाडी थांबली.

मागून आलेल्या बसमधल्या झाडून सगळ्या लोकांनी बघितलं. उतरताना मात्र गाडी उत्तम चालते.

घरी आल्यावर बाबांनी काही विचारलं नाही. खिडकीतून पहिल्या वळणापर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं. हिनेही विचारलं नाही. कोणी विचारत नाही तेव्हा जास्त थकायला होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

दोष स्प्रिंगांचा. आज ऑफिसात मॅन्युअल वाचताना लक्षात आलं. स्प्रिंगा जुन्या, दाब कमी, म्हणून प्लेटा सटकतात. साधं लॉजिक. पंधरा दिवस वाया गेले म्हणता येणार नाही, एक एक शक्यता निकालात काढत आलो आहे.

साहेबांनी विचारलं, तुमच्या टेबलावरच्या नोटशीटवर हा तेलाचा डाग कसला. मी म्हणालो, घरी काम चालू आहे. साहेब म्हणाले, मग घरीच करा की. उद्या-परवा दोन दिवसांची रजा टाकली. कारण : कौटुंबिक अडचण. खोटं नाही ते.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

स्प्रिंगांखाली वॉशर टाकून दाब वाढवला. मग आणखी एक एक वॉशर टाकला. आता क्लच दाबायला दोन्ही हात लागतात. दोन्ही हात एका लिव्हरवर ठेवले की गाडी कोण धरणार, हा प्रश्न चौकात उभा राहिला. एका ट्रॅफिक हवालदाराने धरली.

चढावर परत तेच. किंचित कमी घसरली असं माझं मत आहे.

डावा पंजा सुजला. घरी आल्यावर हिने गरम पाण्याने शेकला. म्हणाली, अहो, नका ना हट्टाला पेटू, मेकॅनिकला बोलवा, बाबांना टाकी बघायची आहे, क्लच नाही. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्वाला सूज येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

वॉशर काढले. दोष ऑइलचा. वरच्या शेजाऱ्यांनी उदार मनाने कारचं उरलेलं ऑइल दिलं होतं, ते वापरलं. कारचं ऑइल या क्लचला चालत नाही, प्लेटा बुळबुळीत होतात. शेजाऱ्यांना हे माहीत असावं. त्यांची भाजी मी विसरलेलो नाही.

प्लेटा पेट्रोलने धुतल्या, नवं ऑइल घातलं, ते ओतून टाकलं, पुन्हा नवं घातलं. घराला पेट्रोल पंपाचा वास येतो आहे. वासामुळे की काय, बाबा आज खुलले. बराच वेळ टाकीबद्दल बोलत होते. शिडीचं काहीतरी, रंगाचं काहीतरी, पाण्याच्या पातळीचे आकडे. मी समोरच होतो, मॅन्युअलचं पान एकेचाळीस वाचत होतो. मध्ये मध्ये हं म्हणत होतो. बाबा एवढं बोलल्याचं हिला कौतुक वाटलं. मलाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार.

सहाव्यांदा जोडला. जोडून झाल्यावर एक चकती उरली. वर्षानुवर्षांच्या वापरात काही भाग अनावश्यक होत असावेत.

शेवटी लिव्हर पुन्हा तपासली. प्रत्येक वेळी तपासतो. केस जाईल एवढीही फट नाही. निदान तेवढी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे.

पहिलं वळण. घसरली.

गाडी कडेला लावली आणि कठड्यावर बसून राहिलो. चिडलोसुद्धा नाही. नुसता बसलो. लोक चढावरून जात होते, सायकली जात होत्या, एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन मला मागे टाकून गेली. मला वाटलं, बाबा रोज इथून वर जायचे. एकतीस वर्षं. रोज त्यांचं जमत होतं आणि मला एक रविवार जमत नाही.

हे वाक्य वाचून खोडणार होतो. राहू दे.

संध्याकाळ. ही म्हणाली, समजा क्लच झाला, तरी बाबा मागे बसणार कसे? परवा बाथरूमच्या उंबरठ्यावरून पाय टाकायला किती वेळ लागला बघितलंत का. मी सांगितलं, तो दुसरा टप्पा. पहिला पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याची चर्चा नको. कामाची अशीच पद्धत असते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

पाच दिवस. रजा शिल्लक नाही. आज गाडीकडे गेलो नाही. जिन्यातून वर येताना ताडपत्रीकडे बघितलंही नाही.

मनाशी वाक्य तयार केलं : बाबा, या वेळी कारने जाऊ. तीनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, काही हवंय का तुला. मी म्हणालो, पेपर झाला का वाचून.

२६ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.

ऑफिसातून आलो तर घरात वेगळाच गोंधळ. ही बँकेत गेली होती तेवढ्यात बाबा एकटे जिना उतरून खाली गेले. एकटे! कोणाला न सांगता! ही आली तेव्हा बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले, धाप लागलेली, दोन्ही हात काळे. माझा छोटा पान्हा आणि पक्कड शेजारी. तिने आणि वरच्या शेजाऱ्यांनी मिळून त्यांना वर आणलं. विचारलं तर म्हणाले, गाडी बघायला गेलो होतो.

मी जरा बोललो. पडला असतात म्हणजे? या वयात? आणि माझी अवजारं जागच्या जागी असतात, त्यांना हात कशाला लावायचा? बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, उद्या एकदा चालवून बघ. मी म्हणालो, बघू.

पांढरा टॉवेल वाया गेला. ग्रीस निघत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी आठ.

चढली!

पहिलं वळण, दुसरं, तिसरं, थेट टाकीच्या फाटकापर्यंत. एकदाही घसरली नाही. इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग हातात हात घालून. परत फिरलो आणि खात्रीसाठी पुन्हा चढलो. पुन्हा चढली. मी मोठ्याने काहीतरी ओरडलो असावा, कारण दूधवाल्याने मागे वळून बघितलं.

विश्लेषण : रविवारची सहावी जोडणी मुळात बरोबरच होती. नव्या प्लेटांना नव्या ऑइलमध्ये बसायला तीन-चार दिवस लागतात. मी धीर धरला नाही, एवढंच. जुन्या मशीनला वेळ द्यावा लागतो.

एकच त्रुटी. लिव्हर पुन्हा ढिली झाली आहे. दोन-तीन मिलिमीटर नुसतीच हलते. आल्याबरोबर पान्हा घेऊन टाइट करायला बसलो, तर वरून खिडकीतून बाबा ओरडले, हात लावू नकोस तिला! इतक्या मोठ्याने बाबा वर्षभरात बोलले नव्हते. हात लावला नाही. वडीलधाऱ्यांचा मान.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

ऑफिसातून येताना मेकॅनिककडे मुद्दाम थांबलो. सहज म्हणून सांगितलं, क्लच केला मी. त्याने हातातलं काम ठेवलं, गाडीपाशी आला, लिव्हर दोन बोटांनी हलवली आणि हसला. म्हणाला, वा, केबल कोणी सेट केली? एवढीच सैल पाहिजे. बरेच लोक केबल ओढून टाइट करून ठेवतात. मग लिव्हर सोडली तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, आणि कितीही प्लेटा बदला, कितीही ऑइल ओता, घसरणारच. दोन मिनिटांचं काम असतं, पण माहीत पाहिजे. जुन्या हाताचं काम आहे हे, म्हणाला. कोणी केली?

मी म्हणालो, मीच.

तो म्हणाला, मानलं साहेब.

घरी येईपर्यंत गाडी हळू चालवली. विचार करण्यासारखं त्यात काही नाही. प्लेटा, ऑइल, केबल, सगळ्याचा एकत्रित परिणाम असतो.

१ मार्च, शनिवार.

उद्या सकाळी नऊला निघायचं. गाडी दोनदा पुसली. हवा भरली. मागच्या सीटवर बाबांसाठी हिने घडी घालून चादर बांधली. बाबांनी दाढी केली, कपाटातून नोकरीतला खाकी शर्ट काढायला लावला. हिने इस्त्री केला. हेल्मेट डोक्यावर घालून बघितलं आणि ते घालूनच थोडा वेळ खुर्चीत बसले. मी विचारलं, कसं वाटतंय. म्हणाले, त्या वेळी हेल्मेट कुठे होती.

डायनिंग टेबल मोकळं झालं. आम्ही तिघं पुन्हा टेबलावर जेवलो. उरलेली चकती मी खिशात घातली.

२ मार्च, रविवार. दुपारी दोन.

लिहितो आहे, कारण नोंद हवी.

बाबा आठलाच तयार. खाकी शर्ट गळ्यापाशी दोन बोटं मोठा झाला आहे. जिना उतरायला अठरा मिनिटं लागली. मी गाडी स्टँडवरून काढली, किक मारली, पहिल्या किकला चालू. बाबांनी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तिथेच होता.

मग पाय. उजवा पाय फूटरेस्टच्या उंचीपर्यंत येत होता, त्याच्यावर नाही. ही मागून धरून होती. शेजाऱ्यांनी स्टूल आणलं. स्टुलावर चढवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाबा उभे राहिले. त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं आणि ते फारसं नव्हतं. पाय उचलला. नुसता थरथरला. मी म्हणालो, थांबा, गाडी कलती करतो. माझ्या गुडघ्यावर येईपर्यंत गाडी कलती केली. चौथ्या वेळी बाबा म्हणाले, राहू दे रे.

त्यांच्या तोंडून दे इकडे ऐकलं आहे, सरक बाजूला ऐकलं आहे. राहू दे कधी ऐकलं नव्हतं.

शेजारी म्हणाले, कार काढतो, पाच मिनिटं. बाबा स्टुलावर बसले होते. मान हलवली. नको, आजच्यापुरतं पुरे झालं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू जाऊन ये. टाकी बघून ये. मी इथे बसतो. वाऱ्यावर आज वरच्या वळणापर्यंतचा आवाज येतोय.

हिने मला खुणेने सांगितलं, जा.

गेलो. कान इंजिनवर, दोन बोटं लिव्हरवर. पहिलं वळण. दुसरं. तिसरं. कुठेही घसरली नाही. एवढी स्वच्छ ती कधीच चढली नव्हती. वरच्या मोकळ्या जागेत वळसा घेतला आणि खाली आलो. अकरा मिनिटं.

बाबा तिथेच, स्टुलावर, शेजारी ही. म्हणाले, तिसऱ्या वळणावर दुसरा गिअर उशिरा टाकलास. पण जमलं तुला.

हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे. केबलबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग विचारलं, कशी आहे टाकी? मी म्हणालो, चांगली आहे. शिडी आहे का अजून? आहे. फाटकाला रंग? मी म्हणालो, निळा. बाबा थोडा वेळ आठवत राहिले. म्हणाले, आम्ही पिवळा द्यायचो. नंतर दिला असेल निळा कोणीतरी. आणि आकडे? पातळीचे आकडे, मी माझ्या हाताने रंगवले होते भिंतीवर, एकपासून अठरापर्यंत, ते दिसतात का?

मी म्हणालो, सगळे. स्पष्ट वाचता येतात.

बाबांचा चेहरा असा खुलला की ही माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. जिना चढायला पंचवीस मिनिटं लागली, पण वाटेत दोनदा म्हणाले, सगळे आकडे. जेवले नीट. आता झोपले आहेत.

३ मार्च, सोमवार. दुपार.

अर्धा दिवस बिनपगारी रजा टाकली. कारण काय लिहावं सुचलं नाही, तो रकाना मोकळा ठेवला.

सव्वाअकराला आवाज झाला. फार मोठा नाही. खिडकीची काच हलली आणि टेकडीवर धूळ दिसली. बाबा खिडकीपाशी गेले नाहीत. पलंगावर बसूनच म्हणाले, गेली. मग हिला म्हणाले, बरं झालं, काल हा बघून आला. आकडे अजून वाचता येत होते म्हणे.

हिने मला विचारलं, हो का हो, इतक्या वर्षांनी? मी हो म्हणालो.

मी टाकी बघितलीच नाही. तिच्यासमोरून वळसा घेतला एवढं नक्की. फाटक पिवळं होतं की निळं, शिडी होती की नव्हती, भिंतीवर आकडे होते की नुसता चुना, मला काही माहीत नाही. मी क्लचकडे बघत होतो.